महिपतरावांची आठ हजार पावलं

"व्रतात खंड पडू देऊ नगंस, राजेश्वरी. तुला जमलं न्हाय तर घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. पाणी ज्याच्या नावानं सोडलंस, फळ त्याला मिळतंय. पर खंड न्हाय पडला पाहिजे."

सासूबाई बजाबाई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी सकाळी देवाला हळदकुंकू वाहताना राजेश्वरीच्या कानात हे शब्द रोज उमटत. बजाबाई नुसतं सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. राजेश्वरीचे सोळा सोमवार चालू असताना तिला टायफॉईड झाला, तेव्हा उरलेले सात सोमवार त्यांनी स्वतः उपाशी राहून पुरे केले होते, आणि उद्यापनाच्या दिवशी सुनेच्या हातानं दिवा लावून घेतला होता. फळ कुठं अडलं नाही. त्याच वर्षी महिपतरावांची बदली बार्शीहून सोलापूरला झाली होती, आणि ती त्या सोमवारांनीच झाली याबद्दल घरात कुणाला कधी शंका आली नाही.

तेव्हापासून शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात राजेश्वरीचा एकही वार मोकळा गेला नव्हता. सोमवार सिद्धेश्वराचा, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. गुरुवार दत्ताचा, लेकीच्या लग्नासाठी. लग्न झाल्यावर तिच्या नोकरीसाठी. शनिवार मारुतीचा, महिपतरावांच्या साडेसातीसाठी. साडेसाती कधीच सरली होती, पण मारुतीला तसं सांगायला तिचं मन धजावत नव्हतं. शिवाय चतुर्थी आणि दोन्ही एकादशा होत्याच. स्वतःच्या नावानं मात्र तिनं आजवर एकदाही पाणी सोडलं नव्हतं. तसं काही सोडायचं असतं हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

महिपतराव या सगळ्याकडं कौतुकानं बघत. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं खिडकीमागच्या खुर्चीत बसून त्यांनी लाखो माणसं इकडून तिकडं पाठवली, स्वतः मात्र खुर्चीतून क्वचितच उठले. त्यांचा मान एकाच गोष्टीत होता. स्टँडच्या पार पलीकडच्या टोकाला गाडी वळली की तिची पाटी ते चष्म्याविना वाचून दाखवत. "अकलूज. मागं बार्शी लागलीय," असं ते म्हणाले की नवीन चालक-वाहक तोंडात बोट घालत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी रस्त्यानं जाताना राजेश्वरीला ते गाडी दिसायच्या आधी पाटी सांगत आणि मग तिच्या तोंडाकडं बघत.

संक्रांत झाली, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली, आणि शेंगापोळ्यांचा डबा रिकामा होता होता त्यांना डोळ्यांपुढं काळे ठिपके दिसायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक कागद दिला आणि डॉक्टर माजिदांकडं पाठवलं. माजिदा मॅडमचा दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. राजेश्वरी तापखोकल्याला त्यांच्याकडंच जात असे. वयानं त्या लेकीएवढ्या, बोलणं तोलून. त्यांनी कागद वाचला, रक्त तपासायला लावलं, आणि दोन दिवसांनी दोघांना समोर बसवलं.

साखर नवाच्या वर होती. एका दिवसाची नव्हे, तीन महिन्यांची सरासरी, जी साताच्या आत हवी. डोळ्याच्या पडद्यावर बारीक रक्त उतरायला सुरुवात झाली होती.

"काका, गोळ्या मी देते. पण गोळ्या अर्धंच काम करतात," मॅडम म्हणाल्या. "उरलेलं अर्धं तुमच्याकडं. तीन महिने मनावर घ्या. नाही घेतलंत, तर डोळ्यांची हमी मी देणार नाही."

आणि त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. रोज आठ हजार पावलं. चहा बिनसाखरेचा. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. दहाला झोप.

महिपतरावांनी कागद हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला, आणि आमच्या घरात शिस्त लई हाय मॅडम, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. शिस्त होतीच, फक्त ती कोण पाळतं ते मॅडमनी विचारलं नाही.

घरी आल्यावर राजेश्वरीनं तो कागद देवघरात ठेवला, त्याच्या एका कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. तिच्या दृष्टीनं ते व्रतच होतं. नेम होता, वेळ होती, खाण्याचा निषेध होता, आणि तीन महिन्यांची मुदत होती. देवाचं नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं, पण डॉक्टर दुसऱ्या धर्माच्या असल्यानं त्यांनी ते घरच्यांवर सोडलं असावं.

पुण्याहून लेकीनं, उत्कर्षानं, बापाला घड्याळ पाठवलं. मनगटावर बांधलं की ते पावलं मोजायचं, झोप मोजायचं, छातीचे ठोके मोजायचं, आणि मोजलेलं सगळं महिपतरावांच्या फोनवर आणि पुण्यात उत्कर्षाच्या फोनवर जायचं.

पहिल्या दिवशी महिपतराव नवे कॅनव्हासचे बूट घालून, घड्याळ बांधून, मफलर गुंडाळून निघाले. गल्लीच्या तोंडाला सिद्धप्पाची चहा-भज्यांची गाडी. सिद्धप्पा अक्कलकोटकडचा, गिऱ्हाइकाशी अर्धं कानडीत बोलायचा. "बर्री साहेब, कूडरी," म्हणून त्यानं स्टूल पुसून पुढं केलं. बसा म्हटल्यावर न बसणं महिपतरावांच्या स्वभावात नव्हतं. तासाभरानं ते घरी आले तेव्हा घड्याळात चारशे बारा पावलं होती आणि मिशीला बेसन होतं. दुसऱ्या दिवशी गुडघ्यानं दगा दिला. तिसऱ्या दिवशी हवेत गारठा होता. चौथ्या दिवशी त्यांनी डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि आतूनच सांगितलं की सोमवारपासून सुरू करू, वार चांगला असतोय.

राजेश्वरी देवघरापुढं बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढं नवऱ्याच्या डोळ्यांवरचा पडदा होता, आणि त्यावर उतरणारं रक्त. चौथाच दिवस आणि खंड. हातातली माळ पुढं सरकेना. आणि मग कानात सासूबाईंचा आवाज आला: तुला जमलं न्हाय तर घरातल्या दुसऱ्या कुणी करावं.

तिला एकदम हलकं वाटलं. इतकी साधी वाट होती.

ती ताम्हण आणि पळी घेऊन कॉटजवळ गेली. पांघरूण बाजूला करून तिनं नवऱ्याला तळहात पुढं करायला सांगितलं, त्यावर पाणी घातलं, आणि समजावलं: तुम्ही म्हणा, माझ्या प्रकृतीसाठी सांगितलेला हा नेम माझ्या वतीनं माझी बायको करील, त्याचं फळ मला मिळो. महिपतरावांनी ते पडल्या पडल्या, न अडखळता म्हटलं. तीस वर्षांत बायकोच्या कुठल्याही व्रतात त्यांनी इतक्या तत्परतेनं भाग घेतला नव्हता. पाणी ताम्हणात सोडलं आणि मनगटावरचं घड्याळ स्वतःच्या हातानं काढून दिलं.

बांगड्या वर सारून राजेश्वरीनं ते पुरुषी घड्याळ बांधलं, पदर खोचला, आणि पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी सिद्धेश्वराच्या तळ्याकडं निघाली.

त्या दिवसापासून घरातलं पथ्य असं कडक चाललं की बघत राहावं. राजेश्वरी नवऱ्याच्या वतीनं पहाटे चालायची. नवऱ्याच्या वतीनं तिनं चहातली साखर सोडली. त्यांचा चहा मात्र नेहमीसारखा व्हायचा, कारण एका घरात एकाच नेमाची दोन माणसं कशाला. संध्याकाळी सात वाजता ती त्यांच्या नावानं चित्राहुती घालून जेवून घ्यायची आणि साडेनवाला त्यांना वाढायची. दहाला त्यांच्या वतीनं झोपायची. महिपतराव बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसत, बिचारीच्या झोपेत, म्हणजे आपल्याच झोपेत, व्यत्यय नको म्हणून. कुणीतरी मेथीचं पाणी चांगलं म्हणून सांगितलं, तर तेही तिनं सुरू केलं. ती डोळे मिटून पेला रिकामा करायची तेव्हा महिपतराव मायेनं विचारत, "लई कडू लागतंय का गं?"

"न्हाई हो. तुम्हाला गुण येऊ दे म्हणजे झालं."

हळूहळू महिपतरावांच्यातला नियंत्रक जागा झाला. सुटण्याची वेळ ते ठरवू लागले. पाच वीसचे पाच पंचवीस झाले की दारातूनच विचारत की आज उशीर का. परत आल्यावर मनगट पुढं करायला लावत, चष्मा लावून आकडा वाचत आणि वहीत तारीख घालून लिहीत. सात हजार नऊशे असतील तर नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"मुळं राजेश्वरी पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची.

एका एकादशीला तिला फारच थकवा आला आणि आठशे पावलं राहिली. संध्याकाळी ती भाकऱ्या थापायला बसली. पाच भाकऱ्या झाल्या आणि सहज घड्याळाकडं बघितलं तर दोनशे पावलं वाढलेली. थापताना हात वरखाली होतो, आणि घड्याळाला तेवढंच कळतं. तिनं हे भोळेपणानं नवऱ्याला सांगितलं. महिपतराव उठून स्वयंपाकघरात आले, शेजारी पाट मांडून बसले आणि म्हणाले, "मग थाप की अजून पंधरा. कडक करून ठेव. टिकतात."

राजेश्वरीला ते बरोबर वाटलं नाही. नेमात लबाडी कशी चालेल. पण आकडा अपुरा राहिला तर खंड, आणि खंड म्हणजे त्यांचे डोळे. देवाची मनातल्या मनात क्षमा मागून तिनं पंधरा भाकऱ्या थापल्या. पुढं हे अधूनमधून व्हायला लागलं. डब्यात कडक भाकऱ्यांची चळत वाढली, आणि अन्न वाया घालवू नये म्हणून महिपतराव त्या दही, शेंगाचटणी आणि तेलाबरोबर दुपारी चारला संपवू लागले. आपल्याच पावलांची भाकरी आपणच खाणारा तेवढा एक माणूस शुक्रवार पेठेत असेल.

उत्कर्षा पुण्याहून रोज बापाचं कौतुक करी. एकदा तिनं विचारलं की बाबा, तुम्ही पहाटे पाचला घरातल्या घरात चारशे पावलं कशी काय चालता. तुळशीच्या प्रदक्षिणा, असं महिपतरावांनी कळवलं. ते खरंच होतं. त्यावर लेकीनं सगळ्या नातेवाइकांच्या गटात लिहिलं की बाबा किती बदलले बघा, आता आईनंही त्यांच्याकडून काहीतरी शिकावं. राजेश्वरीनं ते वाचलं आणि तिला खरोखर आनंद झाला.

बातमी पसरली. पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं महिपतरावांना 'माझं आरोग्य, माझी जबाबदारी' या विषयावर बोलायला बोलावलं. मार्चचा शेवट, ऊन चढायला लागलेलं. महिपतराव रिक्षानं गेले. उभं राहून त्यांनी वीस मिनिटं सांगितलं की मनाचा निश्चय पाहिजे, पहाटे पाच वीस म्हणजे पाच वीस, कुणावर अवलंबून राहू नये. पहिल्या रांगेत बसलेल्या राजेश्वरीला, मनगटावरचं घड्याळ लोकांना दिसू नये म्हणून, पदर ओढून घ्यायला त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्यांना टोपी, सोलापुरी टॉवेल आणि नारळ मिळाला. नंतर मंडळातर्फे जिलेबी होती. सत्कारमूर्तीनं नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

एप्रिलात तीन महिने पुरे झाले. राजेश्वरीनं उद्यापनाची तयारी मनात करून ठेवली होती: रिपोर्ट आला की सिद्धेश्वराला अभिषेक आणि पाच सवाष्णी. रिपोर्ट घ्यायला दोघं माजिदा मॅडमकडं गेली ती रिक्षानं, कारण ऊन होतं.

मॅडमनी आधी महिपतरावांच्या फोनवरची पावलं बघितली. रोज आठ हजार, कधी नऊ, एकदा साडेदहा. झोप गाढ. ठोके शांत. त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी रिपोर्ट उघडला आणि त्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

साखर साडेदहा होती.

"समजत नाही," त्या अखेर म्हणाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांचा नवा कागदही त्यांनी शेजारी ठेवला. पडद्यावरचे ठिपके वाढले होते. एवढं चालून, एवढं पथ्य करून साखर वाढते म्हणजे आत काहीतरी वेगळंच बिनसलंय, असं त्यांनी सांगितलं. कदाचित पोटातल्या ग्रंथीचं. पुण्याला मोठ्या दवाखान्यात जाऊन तपासण्या कराव्या लागतील, आणि तोवर आजपासून रोज दोनदा इंजेक्शन. त्या चिठ्ठी लिहू लागल्या.

महिपतराव सुईला लहान मुलासारखे भीत. राजेश्वरीला वाटलं, आता बोलतील. त्यांनी ओठ उघडलेही. पण मग त्यांची नजर फोनवरच्या आकड्यांवर गेली, त्यांना तो टॉवेल आठवला असावा, ती टोपी, ती वीस मिनिटं. आणि त्यांनी ओठ पुन्हा मिटले. कबूल करण्यापेक्षा पोटात सुई बरी, असं त्यांचं ठरलेलं दिसलं.

लिहिता लिहिता मॅडमचं लक्ष राजेश्वरीकडं गेलं. "काकू, तुम्ही किती सुटसुटीत झालात. गेल्या वर्षी तुमचीही साखर काठावर होती ना? बोट द्या बघू." राजेश्वरीनं संकोचानं बोट पुढं केलं. रक्ताचा थेंब यंत्रावर टेकला. मॅडमनी दाब बघितला, वजनकाट्यावर उभं केलं. सहा किलो कमी. साखर एखाद्या तरुण मुलीची असावी तशी. दाब उत्तम. "काकांच्या नादानं तुम्हीही चालायला लागलात वाटतं," त्या हसून म्हणाल्या.

वजनकाट्यावरून उतरायचंही राजेश्वरीला सुचेना. नवऱ्याच्या वाट्याचं ते सगळं, पहाटेचं, कडू मेथीचं, सात वाजताच्या घासांचं, तिच्या अंगाला लागलं होतं. तिनं मागितलं नव्हतं, पण घेतलं होतं. ज्या नवऱ्यासाठी तीस वर्षं सोमवार धरले, त्याच्या डोळ्यांचं तेज तिनं खाल्लं होतं.

परक्यांच्या देखत नवऱ्याच्या आधी ती कधी बोलली नव्हती. आवाज तिचा मुळातच बारीक. त्या दिवशी तो आणखी बारीक निघाला.

"मॅडम, ते इंजेक्शन लिहू नका. फळ चुकून मला लागलं."

आणि मग बांगड्या वर करून तिनं घड्याळ दाखवलं. पाणी कसं सोडलं, भाकऱ्या किती थापल्या, सगळं सांगितलं. पाणी नीट त्यांच्याच नावानं सोडलं होतं, हे तिनं दोनदा सांगितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती पदरानं पुसत होती. महिपतराव भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडं एकटक बघत होते.

माजिदा मॅडम हसल्या नाहीत. लिहिलेली चिठ्ठी त्यांनी फाडली, तुकडे टोपलीत टाकले, आणि खुर्ची राजेश्वरीजवळ ओढली.

"मी आठ वर्षांची असताना आमचे दादाजी आजारी होते," त्या म्हणाल्या. "त्यांना रोजा जमेना, म्हणून त्यांचा मी धरला. दिवसभर पाण्याला शिवले नाही. संध्याकाळी दादाजींनी जवळ घेतलं आणि म्हणाले, बेटी, माझ्यासाठी दुआ कर, ती मला पोचेल. पण भूक लागली कुणाला? मी म्हटलं, मला. काकू, तुमचे सोमवार पोचत असतील. ते मला माहीत नाही, त्याबद्दल मी बोलणार नाही. पावलं मात्र ज्याची त्यालाच."

मग त्या महिपतरावांकडं वळल्या. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "काका, आज इथपर्यंत कसे आलात?"

"रिक्षानं," महिपतराव चित्राला म्हणाले.

मॅडमनी गोळ्या त्याच ठेवल्या. आणखी तीन महिने दिले. ते शेवटचे, त्यानंतर डोळ्यांना थांबायला सांगणं माझ्या हातात नाही, हेही स्पष्ट सांगितलं. महिपतरावांनी "बघू" म्हटलं. मॅडमनी राजेश्वरीचा हात हातात घेतला.

"वचन मला तुमच्याकडून पाहिजे. उद्यापासून त्यांच्या नावानं एक पाऊल टाकायचं नाही. ते झोपून राहिले तरी. आणि स्वतःचं चालणं एक दिवस चुकवायचं नाही."

"मग त्यांच्या नेमात खंड पडंल की हो."

"पडू द्या."

राजेश्वरीला वाटलं, बजाबाई दवाखान्याच्या दारात उभ्या राहून ऐकताहेत. पण हात मॅडमच्या हातात होता, आणि ती हो म्हणाली.

बाहेर आल्यावर रिक्षा दिसेना. उन्हं उतरली होती म्हणून दोघं चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर महिपतराव म्हणाले, "चारचौघांत बोललीस."

"चौघं कुटं होते? आपण तिघंच होतो."

वळणावर एसटी स्टँडकडून एक गाडी येत होती. इथं आले की महिपतराव पाय थांबवत, डोळे बारीक करत आणि पाटी सांगत. मग राजेश्वरीनं कौतुकानं हुंकार द्यायचा, असा तीस वर्षांचा रिवाज. आजही ते थांबले. डोळे बारीक केले. गाडी जवळ आली, आणखी जवळ आली. ते एक पाऊल पुढं सरले आणि मान वाकडी केली.

"ती गाडी कुठली गं?"

राजेश्वरीनं त्यांच्याकडं बघितलं. ते तिची परीक्षा घेत नव्हते. पाटीवरची अक्षरं हाताएवढी होती आणि गाडी समोरून निघाली होती.

"बार्शी," ती हळूच म्हणाली.

"बार्शीच," महिपतराव म्हणाले. "मला ठाऊक होतं. तुला वाचता येतीय का बघत होतो." पण त्यांचा हात तिच्या खांद्यावर येऊन टेकला होता, आणि घर येईपर्यंत तो तिथंच राहिला.

घरी आल्यावर तिनं घड्याळ मनगटावरून सोडलं आणि टीव्हीवर, त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवलं. सात वाजता तिनं ताट घेतलं, एकटीचं. आज चित्राहुती घालताना कुणाचं नाव घ्यावं ते कळेना, म्हणून तिनं नुसते हात जोडले. दोन घास झाले आणि महिपतराव पाट घेऊन समोर येऊन बसले. भूक लागलीय, म्हणाले. डब्यात कडक भाकऱ्या अजून अकरा होत्या. त्यांनी एकच घेतली आणि ती खूप वेळ चावत राहिले.

जेवण झाल्यावर त्यांनी छताकडं बघत विचारलं, "ते माझं बूट कुटं ठेवल्यात?"

तीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर राजेश्वरीनं कधी तोंडानं दिलं नव्हतं. त्यांनी विचारायचं आणि तिनं उठून वस्तू हातात द्यायची. तिचे गुडघे सवयीनं हललेही. मग तिला मॅडमच्या हातातला आपला हात आठवला.

"कॉटखाली हायत," ती म्हणाली, आणि बसून राहिली.

पहाटे साडेचारला ती उठली. अंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं, देवापुढं दिवा लावला. मग पळीभर पाणी तळहातावर घेतलं आणि अडली. जिभेला सवय झालेली वाक्यं सगळी दुसऱ्या कुणाची होती. महिपतरावांच्या आयुष्यासाठी. उत्कर्षाच्या नोकरीसाठी. तिनं मनात "महिपतरावांच्या पत्नीनं" अशी सुरुवात करून बघितली, ती मोडली, आणि बऱ्याच वेळानं, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हटलं, राजेश्वरीच्या प्रकृतीसाठी. पाणी ताम्हणात पडलं. काही झालं नाही. बजाबाईंचा फोटो भिंतीवर होता तसाच होता.

बाहेरच्या खोलीत आली तर महिपतराव कॉटच्या कडेला बसलेले. एका पायात बूट होता. दुसरा मांडीवर घेऊन ते नाडीचं टोक भोकात ओवायचा प्रयत्न करत होते. टोक भोकाच्या शेजारी लागत होतं, पुन्हा शेजारी लागत होतं. चष्मा टीव्हीवर होता आणि घड्याळही तिथंच.

राजेश्वरीचे हात शिवशिवले. दोन पावलांचं अंतर होतं. वाकलं की झालं असतं. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. आजवर तिनं पाण्याविना एकादशा काढल्या होत्या, पण असा कडक उपवास कुठल्याच एकादशीला पडला नव्हता.

"चष्मा टीव्हीवर हाय," ती म्हणाली.

महिपतराव उठले, एका बुटावर लंगडत गेले, चष्मा लावला. घड्याळाकडं बघितलं, आणि तिच्याकडं न बघता विचारलं, "पाच वीसला सुटायचं का पाच तीसला?"

"माझी पाच वीसची हाय. तुमच्या गाडीचं तुम्ही ठरवा."

तिनं पदर खोचला. मनगट मोकळं मोकळं वाटत होतं. बांगड्या पुन्हा आपल्या जागी येऊन वाजत होत्या. चपला पायात सरकवल्या, दार हलक्या हातानं पुढं ओढलं, पण कडी लावली नाही. गल्लीत सिद्धप्पाची गाडी अजून ताडपत्रीखाली होती. तळ्याच्या दिशेनं तोंड करून राजेश्वरी चालू लागली. पहिली काही पावलं नेहमीपेक्षा जरा सावकाश, मग आपल्या चालीनं.